लिव्हरखालची कोयरी

बोगादी, म्हैसूर
२४ नोव्हेंबर २०२५

सुदीप,

तुझा खोका पुण्याहून शुक्रवारी आला. सायकल धड आहे, कुठे पोचा नाही. हँडल मोकळं, ब्रेक नाही, टेप नाही, आणि दांड्याला रबर लावून गुंडाळलेली तुझी चिठ्ठी : "विद्या, १८ जानेवारीला क्लबच्या राइडमध्ये बेट्टाचा डोंगर उतरायचाय. ब्रेकचा लिव्हर आणि हँडलची टेप तुझ्याच हातची हवी. झालं गेलं विसरून जाऊ."

झालं ते तुझं आणि गेलं ते आमचं, तेव्हा विसरणं तुला सोपं आहे.

पण काम घेते. दुकानात काम नाही म्हणून नव्हे, मला घ्यायचंय म्हणून. फक्त फोन करू नकोस. फोनवर तू बोलतोस आणि नंतर 'मी तसं म्हणालोच नव्हतो' म्हणतोस. साखरपुडा तू फोनवर मोडलास आणि चामुंडीपुरमच्या तुझ्या सगळ्या नातेवाइकांना सांगितलंस की विद्याश्रीने मोडला. म्हणून जे विचारायचं-सांगायचं ते कागदावर, तुझ्या अक्षरात. मीही तसंच करीन.

आईने सायकल पाहिली. मागचं चाक उचलून फिरवलं तर पायडलही फिरत राहिलं. "हे थांबत का नाही ग?" तिला पुन्हा सांगितलं, फिक्स गिअरला चाक आणि पायडल एकमेकांना बांधलेले असतात. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार, पाय रोखले तर चाक रोखलं जाणार. सपाट रस्त्यावर ते जमतं. बेट्टाच्या उतारावर पायांच्या हातात काही राहत नाही, म्हणून पुढच्या चाकाला एक तरी ब्रेक लागतो.

"शरतच्या सायकलला होता की," ती म्हणाली आणि आत गेली.

मग मी चहा केला, गॅस बंद केला. ती उठून आली, बटण पुन्हा दाबून बघितलं आणि जाऊन बसली. पावणेतीन वर्षं ती हे करते. मी लावलेली कडी, मी बसवलेलं झाकण, मी बंद केलेला नळ.

तू जे सांगितलंस ते ती विसरलेली नाही : विद्याने लिव्हर नीट आवळला नव्हता, बेट्टावरच्या नंदीच्या वळणावर तो दांड्यावर गर्रकन फिरला आणि शरतच्या हातात काही उरलं नाही. वेंकटरमण सर खाली धावत आले तेव्हा त्यांनीही पाहिलं, लिव्हर सैल. क्लबच्या अध्यक्षांनी पाहिलं म्हणजे सगळ्या क्लबने पाहिलं. मी अकरा दिवस इस्पितळात माझ्या भावाच्या उशाशी होते. बाहेर आले तोवर सायकल भंगारात गेली होती. मी आवळलेला स्क्रू मला पुन्हा बघायला मिळाला नाही.

शरतला त्या सकाळचं काही आठवत नाही. घरून निघाल्याचंसुद्धा नाही. उजव्या हाताची मधली दोन बोटं मिटत नाहीत. लाकडात जडावकाम करणाऱ्याच्या हाताची ती दोन बोटं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको; तुझ्या बहिणीच्या लग्नातला शिसवी पाट त्याने केला होता. तो मला कधी काही बोलला नाही. माझ्या हातून कप घेताना डावा हात पुढे करतो, एवढंच.

म्हणून काम सुरू करण्याआधी एक विचारते, कारण तीच चूक मला पुन्हा करायची नाही. तू तो लिव्हर कधी उघडून पाहिला होतास का? आधी किंवा नंतर? स्क्रूचा आटा गेला होता की क्लँप मोठा पडला होता? जे असेल ते लिही. तुझ्या जिवाचा प्रश्न आहे, माझ्या नाही.

विद्याश्री


९ डिसेंबर २०२५

सुदीप,

तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच, प्रत्येक ओळ वर चढत जाते. तू लिहितोस, "त्या लिव्हरला मी पाना लावलेला नाही, ना आधी, ना नंतर. पडला तसा सरांना दाखवला आणि सायकल भंगारात गेली. आपल्या दुकानात हँडल हे तुझं काम, चाकं माझं. तुझ्या कामात मी कधी हात घातलाय?"

नाही घातलास. हे पत्र मी जपून ठेवलंय.

आता लिव्हर. माझ्यासमोर तीन आहेत. एक छोटा, हँडलच्या मधल्या सपाट भागावर बसणारा, दोन बोटांचा. तुला हाच हवाय हे मला माहीत होतं, तू लिहिलंसही, "फोटोत दिसणार नाही असा." फिक्स गिअर चालवणाऱ्यांना ब्रेकची लाज का वाटते हे मला अजून कळलेलं नाही. दुसरा त्याहून जरा लांब, पण त्याचा क्लँप तुझ्या दांड्याला मोठा पडतो. मधे पत्रा घालावा लागेल आणि पत्रा मी घालणार नाही. तिसरा लांब दांडीचा, वर रबरी टोपी असलेला, हँडलच्या वळणावर बसणारा. हात टेकला की बोटं आपोआप त्याच्यावर येतात. उतारावर अंग पुढे झुकतं, सगळं वजन तळव्यांवर येतं. तेव्हा बोटं जिथे असतात तिथेच ब्रेक हवा, शोधायला लागता कामा नये.

तिसरा बसवते. उजवीकडे, पुढच्या चाकाला. दिसणार तर दिसणार.

काल शरत दुकानात आला. तो येत नाही. दारातूनच म्हणाला, "अक्का, कुणाची?"

"सुदीपची."

तो आत आला. तिन्ही लिव्हर एकेक करून उजव्या हातात धरले. छोटा त्याच्या बोटांत थांबलाच नाही, टेबलावर पडला.

"हा नको," तो म्हणाला. "आणि अक्का, तू का करतेयस हे? त्याला म्हैसुरात दुसरा मेकॅनिक सिगोदिल्वा?"

"मिळतो की."

"मग?"

मी क्लँप पुसायला घेतला. शरत लांब लिव्हर टेबलाच्या मधोमध ठेवून गेला.

लिव्हर बसवलाय. त्याचा स्क्रू रबरी टोपीच्या आत असतो, क्लँपची पट्टी टेपखाली जाते. एकदा टेप गुंडाळली की आत काय आहे हे फक्त गुंडाळणाऱ्याला माहीत. वेंकटरमण सर राइडच्या सकाळी प्रत्येक सायकलचा ब्रेक तपासतात, शरतनंतरच त्यांनी तो नियम केलाय, पण ते लिव्हर दाबून बघतात. पिळून बघत नाहीत.

शेवटचा अर्धा फेरा अजून आवळायचा आहे. टेप लावायच्या वेळी बघते.

विद्याश्री


२० डिसेंबर

सुदीप,

टेपचं लिहायला उशीर झाला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आईला पूजेची घाई, आणि माझा हात दुसऱ्या कशात लागत नव्हता.

बाजारात मिळते ती फुगीर, रबरासारखी टेप तुला नको असेल. धक्के कमी लागतात, पण दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो. चामड्याची चांगली, पण घामाने काळी पडते. मी सुती लावते. घट्ट विणीची, बोटभर रुंद, टोकाकडून मध्याकडे गुंडाळत आणायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक-तृतीयांश चढवून. डावीकडे आणि उजवीकडे वेढ्यांची दिशा उलट ठेवायची, म्हणजे चालवणाऱ्याच्या हाताच्या पिळाने टेप घट्ट होते. दिशा चुकली तर तोच पीळ ती सोडवतो. शिंप्याच्या पोराला हे सांगायला नको. तुझ्या अप्पांच्या दुकानात गोट लावताना मी हेच बघत उभी राहायचे. पंधरा वर्षांची होते. तू बॉबिन भरायचास आणि माझ्याकडे न बघितल्यासारखं करायचास.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं, राहू दे. खोडलं तर पान घाण दिसेल.

रंग तू लाल मागितलायस, "साधा नको, तुमच्या घरचा लाल." तो मंजिष्ठाचा. आजोबा गेल्यानंतर आमच्या घरात कुणी तो भट्टीवर चढवलेला नाही, पण कृती मला येते. आता नीट वाच, कारण हे विचारल्याशिवाय रंगाऱ्याने रंगवू नये. कापडाला आधी तुरटी दिली तर रंग पक्का होतो. तुरटी न देता दाट थर चढवला तर रंग जास्त ताजा, जास्त तेजस्वी दिसतो, पण तो कच्चा. आजोबा म्हणायचे, तुरटी न दिलेला रंग म्हणजे पाहुणा. घाम आला की निघाला.

पक्का हवा की कच्चा? तुझ्या अक्षरात लिही. आणि आणखी काही हवं असेल तर तेही लिही. आता विचारतेय तोवर सांग.

विद्याश्री


२ जानेवारी २०२६

सुदीप,

"रंगात कसलं पक्का-कच्चा, फोटोत लाल दिसला की झालं." ठीक. जास्त तेजस्वी तो देते.

आणि हे : "शरतच्या हँडलला क्लँपखाली लावलं होतंस तसं कोयरीचं फडकं याला पण लाव. छान दिसतं. आपल्या दुकानाची खूण."

लावते. कोयरी छान दिसते असं आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

आज स्क्रू आवळला. पूर्ण. दांड्याला लटकून बघितलं, माझं सगळं वजन टाकून. हलला नाही.

तू नक्की ये.

विद्याश्री


१९ जानेवारी २०२६

सुदीप,

काल तू सायकल तिथेच टाकून निघून गेलास, म्हणून ती आणि हे पत्र एकाच खोक्यात पाठवतेय. काय झालं ते तू पाहिलंसच. का झालं ते सगळं तुला माहीत नाही. पहिल्यांदाच मला काही झाकायचं नाही, तेव्हा लिहिते.

माझे आजोबा अंबाजीराव लुगडी छापायचे. शहरात छापणारी आमच्या भावसारांची वीस घरं होती आणि व्यापारी लबाड. एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर खपवायचे, रंग गेला तर तिसऱ्याच्या गळ्यात मारायचे. म्हणून आजोबा प्रत्येक लुगड्याच्या काठावर, जो भाग दुमडून शिलाईच्या आत जातो तिथे, करंगळीच्या नखाएवढी एक कोयरी छापायचे. बाहेरून दिसत नाही. भांडण झालंच तर शिलाई उसवायची आणि दाखवायची. घरात तिला चोरकोयरी म्हणत. चोराची नव्हे, चोरासाठीची. ती कुणाला सांगायची नाही असा नियम. आजोबांचं वाक्य होतं, "सांगितली की ती नक्षी झाली."

त्यांच्या शेवटच्या कापडाचा वीतभर तुकडा माझ्याकडे होता. शरतला बावीस पूर्ण झाली तेव्हा मी त्याचं हँडल केलं. त्या तुकड्यातली दोन बोटं लांब पट्टी कापली आणि कोयरी वर येईल अशी लिव्हरच्या क्लँपखाली, दांड्याला चिकटवून, गुंडाळली. दुकानाचं दार लोटून घेतलं होतं. शरतला सांगितलं नाही. तुलाही नाही, आणि तेव्हा मी तुला सगळं सांगायचे. आयुष्यात मी कोयरी एकदाच लावली, त्या एका सायकलला.

नंतर मला काय वाटत राहिलं ते ऐक. मला वाटलं, त्या पट्टीनेच घात केला. लोखंड लोखंडाला धरतं, मधे मी कापड घातलं, म्हणून क्लँप फिरला. पावणेतीन वर्षं मी रोज हे मनात म्हणत होते : आजोबांच्या खुणेने माझ्या भावाचा हात गेला, आणि ती मी लावली. तू 'सैल होता' म्हणालास तेव्हा मी भांडले नाही ते याचसाठी. सगळ्यांना वाटलं, विद्याश्रीने कबूल केलं.

ती पट्टी दिसायची तर लिव्हर दांड्यावरून पुरता उतरवावा लागतो. सैल झाला तरी दिसत नाही, गर्रकन फिरला तरी दिसत नाही. क्लँप तिच्या अंगावरच बसलेला असतो. आणि तू कधी पाना लावला नव्हतास, ना आधी, ना नंतर. तुझ्या चढत जाणाऱ्या ओळींत, ९ डिसेंबरच्या आधीच, माझ्याकडे येऊन पडलं होतं ते.

तुझं दुसरं पत्र मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून वाचलं. कोयरीच्या ओळीपाशी आले आणि राग आला नाही. आत जाऊन स्टुलावर बसले आणि माझे हात बघितले. दोन्ही बाजूंनी बघितले. मग मोठ्यांदा रडले. समोरचा दोशाच्या गाडीवाला विचारत आला, "याकम्मा, एनायतु?" त्याला म्हटलं, काही नाही, चांगली बातमी आहे.

आता दुसरी गोष्ट, जी तुला कळायलाच हवी. तो अर्धा फेरा मी विसरले नव्हते. ९ डिसेंबर ते २ जानेवारी, चोवीस दिवस, तुझा स्क्रू अर्धा फेरा सैल होता आणि तो आवळायची ॲलन की माझ्या ॲप्रनच्या खिशात होती. रोज हात लागायचा. रोज ठरवायचे, उद्या टेप गुंडाळून टाकू, अशीच. सरांनी दाबून बघितला असता तर ब्रेक लागला असता. नंदीच्या वळणावर तुझं वजन आलं असतं आणि तो फिरला असता, तू जगाला सांगितलंस अगदी तसा. मग तुझंच वाक्य खरं झालं असतं. मला ते फार नीटनेटकं वाटायचं.

तुझ्या त्या एका गोडबोल्या ओळीने तुझा जीव वाचवला. माझी मर्जी राखायला लिहिलीस ना? कोयरी छान दिसते म्हणून? ती वाचल्यावर माझं काम बदललं. आता तू पडून चालणार नव्हतं. तू धडधाकट, सगळ्यांसमोर, पायथ्यापर्यंत यायला हवा होतास. असा ब्रेक मी कुणासाठी बसवलेला नाही. तुझ्या आईनेही तुझी एवढी काळजी कधी घेतली नसेल.

मग शरतला दोन्ही पत्रं दिली. त्याने ती तीनदा वाचली. चोरकोयरी काय ते सांगितलं, कारण आता ती नक्षी झालीच होती. त्याने पत्रांची घडी घातली. मग म्हणाला, "अक्का, टेपला तुरटी दिलीस का?"

"त्याने नको म्हटलंय."

"लिहून?"

"लिहून."

तेव्हा तो हसला. तो पडला त्या फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. म्हणाला, "हागाद्रे सरी, मग ठीक. पायथ्याशी मी उभा राहतो."

कालचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे, माझ्या बाजूने सांगते. तू सुंदर उतरलास. शेवटच्या वळणावर तू अंग टाकलंस, पाय फिरत होते, लांब लिव्हर दोन बोटांनी हलका दाबलास आणि सायकल लोण्यात सुरी थांबावी तशी पायथ्याशी क्लबने मांडलेल्या इडलीच्या टेबलापाशी थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू दोन्ही हात वर केलेस, फोटोसाठी. आणि कुणीतरी ओरडलं, "अय्यो, रक्त!"

तू हात खाली घेऊन बघितलेस. तळवे मनगटापर्यंत लाल. तू पँटला पुसलेस, पँट लाल झाली. तोंडावरचा घाम पुसलास, तोंड लाल झालं. चेहरा बघण्यासारखा होता, मी बघितला.

शरत पुढे आला. "कै तोर्सु, सुदीपण्णा," म्हणाला. हात दाखव. तू खरंच दाखवलेस, लहान मुलासारखे. त्याने स्वतःचा न मिटणारा उजवा हात तुझ्या हाताशेजारी धरला आणि वेंकटरमण सरांना म्हणाला, "सर, हे रक्त नाही, मंजिष्ठ आहे. रक्त माझं होतं. आता अक्काने दिलेले कागद वाचा."

सरांना मराठी वाचता येत नाही हे मी विसरले होते. तुझी पत्रं मलाच वाचावी लागली, आधी मराठीत, मग कन्नडात. तशी दोनदा वाचली गेली, ते बरंच झालं. पाना लावला नाही, ती ओळ. मग कोयरीची ओळ. मग मी आजोबांच्या तुकड्याचा उरलेला भाग खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि लिव्हर उतरवल्याशिवाय ती कोयरी दिसत नाही हे सांगितलं.

तू म्हणालास, "सुम्ने लिहिलं होतं मी, विद्या, गंमत."

सर म्हणाले, "गंमत आहे तर कोयरी कशी दिसते ते कसं माहीत?"

मग तू ते बोललास, अर्धं कन्नडात, आणि एवढ्या हळू की मागच्यांना ऐकू गेलं नसेल : "त्या सकाळी फोटोसाठी लिव्हर काढला होता. हँडल मोकळं चांगलं दिसतं म्हणून. मी म्हटलं, परत बसवतो. शरतच म्हणाला, इरली बिडु, राहू दे, असाच उतरतो. तो पडल्यावर मी घाबरलो. खिशातला लिव्हर काढून बसवला. आवळायला वेळ नव्हता."

शरत असं म्हणालाही असेल. त्याचा स्वभाव तसा आहे, आणि त्याला आठवत नाही, म्हणजे हे आता फक्त तुलाच माहीत. त्याने तुझ्याकडे बघून मान डोलावली. "म्हणालो असेन," तो म्हणाला. "माझं पडणं माझं. पण अक्काच्या हाताचं काय?"

त्यावर तू सायकल टेबलाला टेकवलीस आणि चालू लागलास. कुणी अडवलं नाही.

मराठीत रंगेहाथ असा शब्द आहे. आजोबा म्हणायचे, तो आपल्या रंगाऱ्यांच्या घरातून बाहेर गेलाय. खरं-खोटं देव जाणे. पण कच्चं मंजिष्ठ कापडावर टिकत नाही, आणि कातडीवर चार दिवस राहतं हे मी तुला खात्रीने सांगते. साबण वाया घालवू नकोस. पुण्यात भेटणाऱ्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ. सांगण्यात तू हुशार आहेस.

वेंकटरमण सर संध्याकाळी घरी आले होते. आईसमोर उभे राहून म्हणाले, "तप्पायतु." चुकलं. आईने त्यांना बसायला सांगितलं, कॉफी मी केली. शरतने त्याचा कप उजव्या हाताने घेतला, दोन बोटं बाहेर ठेवून, आणि थोडी सांडली. आज सकाळी मी दूध तापवलं, गॅस बंद केला आणि दारात थांबले. आई भाजी निवडत होती. ती उठली नाही.

तुला मी माफ केलेलं नाही. पत्र लांबलं म्हणून तसा गैरसमज नको.

सायकलची लाल टेप काढून मी काळी लावलीय, तिला तुरटी दिलीय. लिव्हर तोच, तसाच आवळलेला. तू म्हणाला होतास तशी क्लँपखाली पट्टी आहे. तिच्यावर कोयरी नाही, ती आमच्या घरची. दुसरं काहीतरी छापलंय, तुझ्यापुरतं. ते तुला सांगणार नाही. वाचायचं असेल तर टेप सोडवून लिव्हर पुरता उतरवावा लागेल, आणि तो पुन्हा बसवायचा कसा हे तुला कधीच नीट जमलेलं नाही.

तू उतरवशील. मला तुझी सवय माहीत आहे.

विद्याश्री